जोडीदार येईपर्यंत

१

आमच्या घरात दुपार अर्ध्या अर्ध्या तासांची असे. साडेतीनच्या ठोक्याला बाबा खुर्चीतून उठत, स्वयंपाकघरातल्या दाराने गॅरेजमध्ये जात आणि दार लावून घेत. चारला हात पुसत बाहेर येत, पुन्हा खुर्चीत बसत. साडेचारला उठत, पाचला परत. रात्री बारापर्यंत हे असंच चाले. लहानपणी मला वाटे, सगळे बाप असेच असतात. एकदा मैत्रिणीच्या घरी तिचे वडील सलग दोन तास टीव्हीसमोर बसलेले पाहिले, तेव्हा ते आजारी आहेत असं समजून मी घरी येऊन त्यांच्यासाठी प्रार्थना केली होती.

गॅरेजमध्ये गाडी होती. पॅलाडिन, १९७८ सालची, चार दारांची, तपकिरी. साडेसतरा फूट लांब. नाक भिंतीला टेकवल्याशिवाय मागे बंपर आणि शटरमध्ये माणूस फिरण्याइतकी जागा उरत नसे. आमच्या ऑर्डवे गावाने अडतीस वर्षं हीच एक गाडी बनवली आणि तिच्यावर घरं बांधली, लग्नं केली, पोरं शिकवली. १९९६ मध्ये कंपनीने कारखाना बंद केला. त्याच महिन्यात बाबांनी ही जुनी गाडी कुठूनशी शोधून आणली. तेव्हा मी आठ वर्षांची होते.

"गाडी कधी पुरी होणार, बाबा?"

"होत आली."

एकोणीस वर्षं ती होतच आली होती.

अर्ध्या तासाचं मूळ मला माहीत होतं. आमच्या गावात कुणालाही माहीत असतं. गाड्या लाइनवरून, म्हणजे सरकत्या पट्ट्यावरून, पुढे जात आणि दोन माणसं शेजारी शेजारी उभी असत, एक गाडीच्या डावीकडे, एक उजवीकडे. दोघं हुशार असले तर जोडी लावत. म्हणजे अर्धा तास एकानेच पळत पळत दोन्ही बाजूंचं काम करायचं आणि दुसऱ्याने सुटायचं. झोपायचं, वाचायचं, कुंपणाच्या भोकातून समोरच्या 'स्टॅग' बारमध्ये जायचं. पुढचा अर्धा तास अदलाबदल. कंपनीच्या पुस्तकात याला बंदी होती. मुकादमाला ते दिसत नसे, कारण गाड्या पुऱ्या होत होत्या. जोडीचा नियम एकच: जोडीदार आल्याशिवाय जागा सोडायची नाही.

बाबांच्या अंगात तो अर्धा तास मुरला, असं मी समजत होते. ग्लासगोला कामगारांचा इतिहास शिकताना मी यावर एक निबंधसुद्धा लिहिला. यंत्राने माणसाच्या शरीरात बसवलेलं घड्याळ, वगैरे. प्राध्यापकांना फार आवडला होता.

२

सत्ताविसाव्या वर्षी मी परत आले ती पॅलाडिनचा इतिहास लिहायला.

तसा तो लिहिलेला होता. कंपनीने जाड कागदावर छापलेलं पुस्तक गावातल्या प्रत्येक दाताच्या दवाखान्यात पडलेलं असे. १९५८, पहिली पॅलाडिन, शेपटीला पंख. १९६५, सर्वात मोठा खप, पुढच्या सीटवर तिघं ऐसपैस. १९७७, तेल महागलं म्हणून लांबी फूटभर कापली. पुढे पोलिसांची गाडी, टॅक्सीवाल्यांची गाडी, आणि मग "एका युगाची सन्मानाने सांगता". दोनशे पानांत क्रोम किती चमकतं ते होतं आणि एकाही माणसाचा हात नव्हता. कारखाना पाडला त्या जागी आज एक मैल लांबीचं काँक्रीट आहे, त्याच्या भेगांतून गवत येतं, आणि सन्मान कुठे केला होता ते कुणालाच आठवत नाही.

मला हातांचा इतिहास हवा होता. युनियनच्या बंद हॉलची किल्ली मी मिळवली, खिडक्या धुतल्या, भिंत रंगवली. त्या भिंतीवर लाइनवर उभ्या राहिलेल्या प्रत्येकाचं नाव लिहायचं होतं. ऑक्टोबरमध्ये उद्घाटन.

मदतीला अर्डिथ प्रुइट होत्या. बहात्तर वर्षांच्या, सव्वीस वर्षं मागची सीट बसवलेल्या, हातात कायम कॉफी. मी त्यांना मावशी म्हणते.

"लिही, लिही," त्या म्हणत. "आम्ही पाठ मोडून घेतली तेव्हा कुणी विचारलं नाही. आता पाठीचा फोटो काढायला शिकलेली पोरगी आली."

"मावशी, टोमणे नंतर. कागद दाखवा."

कागद म्हणजे गाडीबरोबर लाइनवरून फिरणारा तक्ता. या गाडीला कोणतं इंजिन, कोणता रंग, कोणता रेडिओ, हे त्यावर असे, आणि खाली प्रत्येक जागेवरचा माणूस काम झालं की आपल्या क्रमांकाचा शिक्का मारी. शिक्क्यात वेळही उमटे. अर्डिथ मावशींपर्यंत गाडी आली की कागदाचं काम संपे. तो फेकायचा कुठे? कचऱ्याचं पिंप वीस पावलांवर, आणि वीस पावलं जायला वेळ कुणाला? त्या तो घडी करून मागच्या सीटच्या स्प्रिंगांत खोचून देत. देशभर पॅलाडिन बाळगणाऱ्या हौशी लोकांनी सीट उचकटल्या आणि हे कागद सापडले. मी पत्रं पाठवली, त्यांनी खोकी भरभरून पाठवले.

"जोडी लावलेली असली की एकच माणूस दोन शिक्के मारायचा," मावशी म्हणाल्या. "खिशात दोन शिक्के. तुझ्या बापाचा एकशे बारा. मागच्या बंपरची डावी बाजू."

"आणि एकशे तेरा?"

मावशींनी कॉफीचा घोट घेतला. "होबी कोम्ब्ज. उजवी बाजू. तुझ्या बापाच्याच खोऱ्यातला, केंटकीचा. दोघं एकाच बसने इथे आले होते."

हे नाव मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

३

जुलैतली दुपार होती. चार वाजून गेले होते. बाबा खुर्चीत होते, मी त्यांच्या पायाशी जमिनीवर कागद वर्षांप्रमाणे लावत बसले होते. घरात घेवडा शिजत होता.

कट-कट-कट-कट.

आवाज इतका ओळखीचा होता की मी मान वर केली नाही. चार बोल्ट. मग गाडीच्या मागून सहा पावलं. मग पुन्हा चार बोल्ट. हाच आवाज ऐकत मी अभ्यास केला, हाच ऐकत झोपले.

मग लक्षात आलं की बाबांची चप्पल माझ्या कोपराला लागते आहे.

मी वर पाहिलं. बाबा समोरच्या भिंतीकडे बघत होते.

"बाबा, गॅरेजमध्ये कोण आहे?"

"कोण असणार?"

"आवाज येतोय."

"पाण्याचा बंब असेल. जुना झालाय."

बंब जुना झाला होता हे खरं. मी तेवढ्यावर भागवलं. पण बंब पावलं टाकत नाही, हे मनातून जाईना. पुढच्या दिवशी मी मुद्दाम ऐकलं. साडेतीन ते चार बाबा आत. चार बोल्ट, सहा पावलं, चार बोल्ट. त्या सहा पावलांत एकाआड एक पाऊल फरफटतं, कारण त्यांचा उजवा गुडघा गेलेला आहे. चारला ते बाहेर आले, बसले. मिनिटभराने पुन्हा चार बोल्ट. पुन्हा सहा पावलं.

ही पावलं फरफटत नव्हती. भराभर, सारख्या अंतराची, तरुण माणसाची होती.

मी शिकलेली मुलगी आहे. आधी वाटलं, बाबांनी स्वतःचा आवाज टेप करून ठेवला असेल, एकटेपणात माणूस काहीही करतो. मग वाटलं, लहानपणापासून ऐकलेला आवाज माझ्याच कानात घुमतो आहे. मी दार उघडलं.

गॅरेज रिकामं होतं. तपकिरी गाडी, भिंतीवर हारीने टांगलेली हत्यारं, उत्तरेकडची मळकी खिडकी. बोल्ट आवळायचा पाना, रॅचेट, मागच्या बंपरवर ठेवलेला होता, मूठ दाराकडे करून. मी तो उचलला.

मूठ कोमट होती. उत्तरेच्या खिडकीतून ऊन येत नाही, हे मला त्या घरात वीस वर्षं राहून माहीत असायला हवं होतं. तरी मी स्वतःला सांगितलं, ऊन असेल.

"विनी," मागून बाबा म्हणाले. "ठेव ते तिथेच. मूठ दाराकडे."

४

ऑक्टोबर १९७८ चा गठ्ठा मी मावशींच्या समोर टेबलावर ठेवला.

"होबी कोम्ब्ज बारा तारखेला गेला. वर्तमानपत्रात चार ओळी आहेत. लाइनवर हृदय बंद पडलं. वय एकोणतीस."

"हो."

"डॉक्टरच्या दाखल्यावर मृत्यूची वेळ आहे पाच चाळीस. सापडला मात्र सातला."

"सुट्या भागांच्या रॅकांच्या मध्ये पडला होता. तिथे कोण बघतं?"

"मावशी, मग लाइन कशी चालू राहिली?"

त्यांनी कॉफी खाली ठेवली. मी त्यांना त्या संध्याकाळचे कागद दाखवले. पाच चाळीस ते सातमध्ये सत्तरवर गाड्या गेल्या असतील. अकरा गाड्यांचे कागद माझ्याकडे आले होते. पाच एकेचाळीस. पाच अठ्ठावन्न. सहा बावीस. अकराही कागदांवर एकशे बाराचा शिक्का होता, एकशे तेराचाही होता, सरळ, ठसठशीत, एकाच हाताने मारलेले.

"बाबा होते ना तिथे? त्यांनी मारले असतील."

"पोरी, मी पुढच्याच टप्प्यावर होते. बंपरकडे माझी पाठ. गाड्या येत होत्या, बंपर घट्ट होते, शिक्के होते. मी कागद खोचत होते. लाइन थांबली नाही ना? मग मागे वळून बघायला कुणाला सवड आहे?" त्यांनी एका कागदाची घडी सरळ केली. "पण तुझा बाप सातला कुंपणाच्या भोकातून आत आला. ते मी पाहिलंय. टोपीवर पाऊस होता."

"तुम्ही हे कुणाला सांगितलंत?"

"कुणाला सांगू? हजेरीवर तो हजर होता. होबीनेच त्याची हजेरी राखली होती. सांगितलं असतं तर व्हर्जिलची, तुझ्या बापाची, नोकरी गेली असती आणि होबी काही परत आला नसता." मग माझ्याकडे रोखून बघत, "तू भिंतीवर लिहिणारेस का हे? लिही. तुझं शिक्षण झालंय."

ती थट्टा नव्हती. मला ती थट्टा असती तर बरं वाटलं असतं.

५

बाबा मक्याचा पाव ताकात कुस्करून खात होते. चार वाजून पाच मिनिटं. गॅरेजमध्ये सहा पावलं गेली, सहा पावलं आली.

"होबी कोम्ब्ज," मी म्हणाले.

ते खात राहिले. वाटी संपवली, चमचा पुसला.

"पाचला यायचं होतं मी," ते म्हणाले. "स्टॅगमध्ये टीव्हीवर बेसबॉलची मॅच होती. म्हटलं, एक डाव बघतो. होबी सांभाळतो. तो नेहमीच सांभाळायचा. मग दुसरा डाव."

"बाबा..."

"ऐक ना आता, विचारलंयस तर. सातला आलो. लांबून त्याची पाठ दिसली. बंपरवर वाकलेला. बरं वाटलं मला. म्हटलं, शिव्या देईल, देऊ दे. जवळ गेलो तर कुणी नाही. रॅचेट बोल्टवर अडकलेला होता, आणि हलत होता. आणि होबी रॅकांच्या मध्ये. गार. गार म्हणजे, विनी, केव्हाचाच."

त्यांनी वाटी थोडी दूर सारली.

"उजवीकडचे दोन बोल्ट राहिले होते. ते मी मारले."

"त्याच वेळी?"

"गाडी पुढे चालली होती," बाबा म्हणाले, जणू मी वेड्यासारखं काही विचारलं होतं. "त्या गाडीचा नंबर मी लिहून ठेवला. तीच ही."

पुढची अठरा वर्षं त्यांना नवे जोडीदार दिले गेले. कुणी महिनाभर टिकला नाही. लोक म्हणत, व्हर्जिल टॅकेटच्या शेजारी काम आपोआप होतं, आणि बदली मागून जात. मग कारखाना गेला. लाइन भंगारात विकली गेली. पण होबी जागा सोडेना, म्हणून बाबांनी त्याची शेवटची गाडी शोधून घरी आणली.

"म्हणून मी आत जातो," बाबा म्हणाले. "त्यालाही सुट्टी नको का?"

मला रडू यायला हवं होतं. मला राग आला. कंपनीचा, मुकादमाचा, सगळ्यांच्या मिटलेल्या डोळ्यांचा आणि बाबांचाही. एक माणूस मेला तरी लाइन थांबवली नाही, त्याबद्दल कुणी जाब दिला नाही, आणि तो सगळा भार या म्हाताऱ्याने सदतीस वर्षं आठ बोल्टांवर वाहिला होता. भूत नाही हे, मी स्वतःला म्हटलं, हा अपराध आहे, आणि अपराध उजेडात आणला की संपतो. असं मी शिकले होते.

"आणि नाही गेलात तर?"

"पहिला अर्धा तास तो थांबतो. दुसराही थांबतो. चांगला माणूस आहे." त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. "मग बोलवायला येतो. एकदा आला होता, तू दहा वर्षांची होतीस तेव्हा. तुझी आई घरात होती."

त्याच वर्षी आई ओहायोला बहिणीकडे गेली होती. ती परत का आली नाही, हे मी तिला कधी विचारलं नाही. त्या दिवशीही फोन केला नाही.

६

सप्टेंबरच्या एका मंगळवारी अर्डिथ मावशींनी बाबांना गुडघा दाखवायला डॉक्टरकडे नेलं. मीच तसं ठरवलं होतं. त्या गेल्यावर दोन पोरं ट्रक घेऊन आली आणि आम्ही पॅलाडिन ओढून युनियन हॉलमध्ये नेली. रॅचेटही तिच्याबरोबर नेला आणि भिंतीवर काचेत लावला. भिंतीवर एकशे बारा आणि एकशे तेरा शेजारी शेजारी लिहिले होते. व्हर्जिल टॅकेट. होबार्ट कोम्ब्ज. मला फार समाधान वाटलं. त्या समाधानाची आज मला किळस येते.

बाबा सव्वातीनला आले. साडेतीनला गॅरेजचं दार उघडून उभे राहिले.

"कुठे नेलीस?"

"हॉलमध्ये. बाबा, बसा. एक दिवस. एकच दिवस नका जाऊ. बघा, काही होत नाही."

"विनी, मला हॉलवर सोड."

"नाही."

"मग किल्ली दे. मी जातो."

किल्ली माझ्या खिशात होती. मी दिली नाही. सत्तरीला टेकलेल्या माणसाला मी हात धरून खुर्चीत बसवलं आणि त्याच्यासमोर स्टूल ओढून बसले. मी बरंच बोलले. माफी आणि न्याय आणि सत्य. बाबा ऐकत नव्हते, घड्याळ बघत होते. चार वाजले. गॅरेज शांत. सव्वाचार. शांत.

"ऐकलंत?" मी म्हणाले. "काही नाही."

"तो थांबलाय," बाबा म्हणाले.

साडेचार. शेजारच्यांचा कुत्रा भुंकून गप्प झाला. बाबांच्या कपाळावर घाम होता, हात गार होते. मी पाणी आणलं, ते त्यांनी घेतलं नाही. मी मनात म्हणत होते, पाच वाजू देत. पाच वाजले आणि काही झालं नाही की हे संपलं. सदतीस वर्षांनी बाबांना एक सलग संध्याकाळ मिळेल. आम्ही दोघं अंगणात बसू.

पाचला पाच मिनिटं असताना गॅरेजमध्ये पावलं वाजली.

बोल्ट नव्हते. नुसती पावलं. सहा, आणि थांबा. सहा, आणि थांबा. जिथे गाडी होती त्या जागेभोवती, मोकळ्या जमिनीवर. मग सात. मग आठ. मग ती दाराशी आली.

स्वयंपाकघरातलं ते दार खोलीतून सरळ दिसतं. त्याची मूठ फिरली, हळू, बायका-पोरं असलेल्या घरात पाहुणा फिरवील तशी, अदबीने. दार वीतभर उघडलं. आतल्या अंधारातून एक हात बाहेर आला. कामाचा मोजा, अंगठ्यापाशी झिजून भोक पडलेला. हातात रॅचेट होता. जो मी स्वतः दोन मैलांवर काचेत बंद करून आले होते, तोच. तो त्याने डोक्याकडून धरला होता आणि मूठ आमच्याकडे केली होती. एक माणूस दुसऱ्याला देतो तसा.

हात थोडा थरथरत होता. भीती घालण्यासाठी नाही. दमल्यामुळे.

"आलो, होबी," बाबा म्हणाले. "आलो रे बाबा. फार उशीर केला मी."

मी त्यांचा सदरा धरला. खरंच धरला होता. तो माझ्या मुठीतून कसा सुटला ते मला सांगता येत नाही. त्यांनी रॅचेट घेतला, फरफटत्या पायाने आत गेले, आणि दार लावून घेतलं, जसं रोज घेत.

मी दार उघडलं तेव्हा बाबा रिकाम्या गॅरेजच्या मध्यावर, जिथे मागचा बंपर यायचा त्या जागी, कुशीवर पडले होते. हातात काही नव्हतं.

७

ऑक्टोबरमध्ये उद्घाटन झालं. महापौर आले, कंपनीचाही एक माणूस आला, फुलं घेऊन. भिंतीवरची नावं वाचून लोक रडले. सगळ्यांनी मला शाबासकी दिली. ग्लासगोहून पत्र आलं की तिथे माझ्यासाठी जागा आहे, जानेवारीत यावं.

लोक गेले. साडेतीनला मी आणि अर्डिथ मावशी हॉल झाडत होतो.

कट-कट-कट-कट.

मावशींचा झाडू थांबला. गाडी हॉलच्या मध्यभागी होती, दोरीच्या आत, तिच्याजवळ कुणी नव्हतं. मागच्या बंपरच्या क्रोममध्ये खिडक्या दिसत होत्या, आम्ही दोघी दिसत होतो.

मग सहा पावलं. एकाआड एक पाऊल फरफटत होतं.

मावशी कान देऊन ऐकत राहिल्या. पुन्हा चार बोल्ट. पुन्हा सहा पावलं, तशीच फरफटती.

"होबी गेला," त्या म्हणाल्या. "सुटला बिचारा." आणि मग, माझ्याकडे न बघता, "तो गुडघा व्हर्जिलचा आहे."

चार वाजले, तरी आवाज थांबला नाही. साडेचारलाही नाही. त्याचा जोडीदार येणार नव्हता. मी तिथे उभी राहून ऐकत होते, आणि दर फेरीला तो पाय आधीपेक्षा जास्त ओढत होता.

पाचला मी काच उघडली आणि रॅचेट हातात घेतला. दोरी ओलांडली. डावीकडचे चार बोल्ट सैल केले, आवळले. सहा पावलं. उजवीकडचे चार. माझ्या मागे, भिंतीपाशी ठेवलेली खुर्ची करकरली, कुणी जड माणूस दमून तिच्यावर बसावा तशी. मी वळून पाहिलं नाही. गाडी पुढे चालली असेल तर मागे बघायला सवड नसते, हे मला आता कळतं.

ग्लासगोला मी नाही म्हणून कळवलं. कारण लिहिलं नाही. अर्डिथ मावशी कधी कधी दुपारी कॉफी घेऊन येतात, दाराशी बसतात, आत येत नाहीत. "शिकलेली पोरगी," म्हणतात, पण आता त्यात टोमणा नसतो.

हे मी हॉलच्या कोपऱ्यातल्या टेबलावर लिहिते आहे. चार पंचवीस झाले आहेत. पलीकडे पाय फरफटतो आहे. पाच मिनिटांनी मला उठायला हवं. पॅलाडिनचा इतिहास १९७८ पर्यंत आला आहे. पुढचं लिहायला सलग एक तास मिळत नाही.